फुकट विजेचा धूर

नोव्हेंबरात दिल्ली खोकू लागली की पंजाबच्या शेतकऱ्याला आरोपी ठरवायचे, हा दरवर्षीचा रिवाज. 2024 मध्ये तर भाताचे काड जाळण्याचा दंड दुप्पट झाला. पाच एकरांहून जास्त जमीन असेल तर 30 हजार रुपये. पण या धुराची सुरुवात बांधावर नाही, चंदीगडच्या सचिवालयात झाली.

1997 साली पंजाबात शेतीपंपांची वीज फुकट झाली. मधली काही वर्षे सोडली तर ती फुकटच आहे. शिवाय भात सरकार हमीभावाने उचलते. वीज बिनपैशाची आणि गिऱ्हाईक पक्के असताना मका कोण लावेल? शेतकऱ्याचा हिशेब अगदी बरोबर होता. पाणी मात्र खोल खोल गेले. तेव्हा विजेला दर लावायचा सोडून सरकारने 2009 मध्ये कायदा केला: 10 जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. लावणी लांबली, तशी कापणीही लांबली. गव्हाच्या पेरणीआधी जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. एवढ्यात काड गोळा कधी करणार? ते पेटू लागले, तेही नेमके थंडीने वारा पडतो त्या दिवसांत. करदात्याच्या पैशाने पाणी उपसायचे, कायद्याने धूर नोव्हेंबरात ढकलायचा आणि दंड शेतकऱ्याकडून घ्यायचा, हा शुद्ध अन्याय आहे.

शहाणी वाटही पंजाबनेच दाखवली. 2018 च्या ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ योजनेत ठरलेल्या कोट्यातून वाचलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला 4 रुपये देऊ केले. पंप बंद ठेवण्यात त्याचा फायदा. पण ती मोजक्या फीडरांवर सुरू झाली. फुकट वीज राज्यभर.

आणि आपण महाराष्ट्रात? एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे वीज मोफत, वर्षाला साडेचौदा हजार कोटींच्या वर खर्च. तेही उसाच्या राज्यात, जिथे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी सबसिडी नको, घामाचे दाम हवेत म्हणून आयुष्य वेचले!

हेच पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात द्या, प्रत्येक पंपाला मीटर बसवा आणि युनिटला पूर्ण दर लावा. ठिबकवाल्याच्या खिशात पैसे उरतील, पाटाने पाणी सोडणाऱ्याचे जातील. आणि रात्री दोनला सापा-विंचवांतून मोटार चालू करायला जाणाऱ्याला, पैसे मोजणारा ग्राहक म्हणून, दिवसा वीज का नाही याचा जाब वीज कंपनीला विचारता येईल.