एल्कची शिकार: नवशिक्यांसाठी खात्रीशीर मार्गदर्शन

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकन भाऊबंद. सांबरावर बंदूक रोखली तर इथे १९७२च्या कायद्याने तुरुंग दिसतो. तेव्हा हौस असेल तर कोलोरॅडो गाठावे. आधी रायफल घ्यावी, खिशाला न परवडणारी. परवान्याचे काय, तो मिळतोच! (चांगल्या भागांसाठी सोडत निघते आणि लोक वर्षानुवर्षे गुण साठवत बसतात, पण ते चिकाटीच्या लोकांचे झाले.)

कपडे झाडपाल्याच्या छापाचेच हवेत. रायफलीच्या हंगामात मात्र कायदा ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर घालायला लावतो. मन खट्टू करून घेऊ नये. नारिंगी रंग एल्कला आपल्यासारखा दिसत नाही. माणसांना दिसतो, आणि गोळ्या माणसेच झाडतात.

आता वारा. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरते, म्हणजे खालून चढणाऱ्याचा वास त्याच्याच मागे दरीत जातो. उन्हाने उतार तापला की हवा उलटी फिरते आणि वर चढू लागते. नवशिक्याने भरपेट नाश्ता करून नेमके तेव्हाच खालून निघावे. मानेला मागून झुळूक लागली की ‘वा, काय हवा आहे!’ म्हणावे. वर कळपातल्या म्हाताऱ्या मादीने तोवर नाक वर केलेले असते. पुढच्या मिनिटाला तिथे फक्त ताज्या लेंड्या सापडतात.

सप्टेंबरात नर माजावर येतात आणि शिट्टीसारखी चढत जाणारी आरोळी ठोकतात. तशी आरोळी काढायची नळी बाजारात मिळते. ती दिवसभर फुंकावी. मोठा नर चिडून अंगावर येईल, अशी समजूत असते. तो बहुधा आपल्या माद्या गोळा करून पलीकडच्या धारेआड निघून जातो. मुरलेले शिकारी मादीचा मऊ आवाज काढतात, पण त्यात मर्दुमकी कसली?

चाप ओढला की काम झाले, हा सगळ्यांचा लाडका समज. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या घरातला, आणि तो पडतो कुठे, तर आडव्यातिडव्या ओंडक्यांच्या घळीत. ‘थंडी आहे, सकाळी बघू’ म्हणून तंबूत झोपायला जावे. जाड कातडे ऊब आत धरून ठेवते, आणि बाहेर बर्फ भुरभुरत असतानाही मांडीच्या हाडाजवळचे मांस नासू लागते. ज्यांना खायचे असते ते रात्रीच डोक्याला दिवा बांधून कातडे सोलतात, चारही तंगड्या आणि पाठीचे पट्टे सोडवून कापडी पिशव्यांत झाडाला टांगतात. नुसती शिंगे घेऊन परतायचा मोह होईल. तिथे तो गुन्हा आहे. मागची एक तंगडी हाडासकट पंचवीस-तीस किलो सहज भरते. उंची दहा हजार फूट, खेपा चार-पाच.

म्हणून सोबत एक धडधाकट मित्र न्यावा, ज्याने एल्क कधी वाहिलेला नाही. ज्याने वाहिला आहे, तो हंगामात फोन उचलत नाही.