गाडी जागेवरच आहे

चोरीला जाईल अशी धास्ती वाटावी, असं माझ्या गाडीत काही नाही. 2009 सालची वॅगन आर. डाव्या बाजूच्या मागच्या दाराची काच दोन्ही तळव्यांत धरून वर सरकवावी लागते आणि हॉर्न फक्त स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की वाजतो. त्यामुळे डावीकडून येणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर यावं, असा माझा नियम आहे. पण आमच्या मागच्या गल्लीतली एक नवीकोरी गाडी एका रात्रीत गेली आणि विचुंब्यातला जो तो आपापल्या गाडीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागला. मीही पाहिलं. 'चोर जुन्या गाड्याही नेतात हो, सुटे भाग विकायला,' असं सोसायटीचे सचिव म्हणाले, तेव्हा मला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटला. आपणही लुटण्यालायक आहोत, ही भावना मध्यमवर्गीयाला क्वचितच मिळते.

विचुंबे म्हणजे गाढी नदीच्या अलीकडे नवीन पनवेल आणि पलीकडे आम्ही. पनवेलची महापालिका 2016 साली झाली, आम्ही ग्रामपंचायतीतच राहिलो. इमारतींनी मात्र कुणाची वाट पाहिली नाही. खाली खांबांमधलं पार्किंग, गेटवर एक खुर्ची आणि खुर्चीत जालन्याकडचे वॉचमन काका, एवढी आमची सुरक्षा. मला ती एकविसाव्या शतकाला शोभेशी वाटेना. गाडीत लपवायचं ट्रॅकर यंत्र घ्यायचं, असं मी जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा आधी हॉर्न दुरुस्त करा."

घेण्याआधी मी अभ्यास केला. कमी अभ्यासाने वस्तू घेतली तर ती बिघडते, जास्त अभ्यासाने घेतली तर आपण बिघडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात 1986 साली 'लोजॅक' नावाचं यंत्र आलं. गाडी चोरीला गेली की ते रेडिओ लहरी सोडायचं आणि त्या पकडायची सोय थेट पोलिसांच्या गाड्यांत असायची. ते गाडीत नेमकं कुठे दडवलंय हे मालकालाही सांगत नसत, हे वाचून मी भारावलो. मालकालाच माहीत नसेल, तर चोर कुणाला विचारणार? या एका वाक्याने पुढे माझा घात केला.

पनवेलच्या दुकानदाराने काउंटरवर चार प्रकार मांडले. पहिलं स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचं. बसवायला अर्धं मिनिट, आणि चोराला काढायला त्याहून कमी. दुसरं लोहचुंबकाने पत्र्याला चिकटणारं, पण ते काढून चार्ज करावं लागतं. तिसरा ब्लूटूथ टॅग. त्याला स्वतःचं सिम नसतं. जवळून जाणाऱ्या लोकांचे मोबाइल त्याचा पत्ता कळवतात. शिवाय कुणी कुणाचा गुपचूप पाठलाग करू नये म्हणून हा टॅग, आपण कुणाबरोबर फार वेळ फिरतोय हे त्याच माणसाच्या मोबाइलवर सांगतो. म्हणजे चोराला आधी वर्दी! चौथं गाडीच्या बॅटरीला वायरने जोडायचं, आत सिम असलेलं. टॅक्सी आणि बसना असलं यंत्र 1 जानेवारी 2019 पासून सक्तीचं झालं आहे, खासगी गाडीला नाही. "गाडी कुठली साहेब?" दुकानदाराने विचारलं. मी सांगितली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग टॅगच न्या." हा अपमान गिळून मी चौथं यंत्र घेतलं.

विम्याच्या एजंटालाही फोन केला होता. पुण्याच्या 'एआरएआय'ने मान्य केलेलं चोरीरोधक यंत्र बसवलं, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त 500 रुपये, अशी जुनी तरतूद मी शोधून काढली होती. एजंट शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमची पॉलिसी थर्ड पार्टी आहे. तिच्यात स्वतःचं नुकसान नसतं. चोरीही नसते. गाडी गेली तर एक रुपयाही मिळणार नाही." दुसऱ्या कुणी त्याच दिवशी पॉलिसी बदलली असती. मी यंत्रावरचा विश्वास वाढवला.

इलेक्ट्रिशियनला मी बजावलं, "कुठे बसवताय ते मलाही सांगू नका." त्याने विचारलं, "आणि बिघडलं तर?" मी म्हटलं, "तुम्ही आहात ना!" त्याने डॅशबोर्ड उघडला तेव्हा मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही गुप्त बातमी टाकली. यंत्राचं खोकं, ज्यावर त्याचा आयएमईआय नंबर आणि सिमचा नंबर छापला होता, ते यथावकाश रद्दीत गेलं.

पहिल्याच रात्री मोबाइल किंचाळला : 'वाहन हलत आहे.' नकाशावर माझी गाडी गाढी नदीच्या पात्रात उभी होती. मी लुंगीवर खाली धावलो. गाडी जागेवर. वॉचमन काकाही जागेवर. हा प्रकार वरचेवर होऊ लागला, तेव्हा कारण कळलं. उपग्रहाला आपली गाडी दिसतबिसत नसते. सुमारे 20,200 किलोमीटरवरून तो फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत असतो; निदान चार उपग्रहांचं ऐकून हिशोब यंत्रालाच करावा लागतो, आणि उत्तर मोबाइलच्या नेटवर्कवरून आपल्याला कळवावं लागतं. वर स्लॅब असला, आजूबाजूच्या भिंतींवर आपटून लहरी उशिरा पोचल्या, की हिशोब चुकतो. मे 2000 पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या लहरींत मुद्दाम चूक मिसळत असे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती काढून टाकली. त्यानंतर उरली ती आमच्या बिल्डरची.

मग गणपती आले. मुंबई-गोवा महामार्ग आमच्या शेजारी पळस्प्यालाच सुरू होतो, पण गाडी त्यावर घालायची माझी छाती नाही. आम्ही रेल्वेने चिपळूणकडे गावी गेलो. गावात नेटवर्क फक्त देवळामागच्या बांधावर. आरतीच्या आधी सहज तिथे गेलो, तर संदेश थडकला : 'मुख्य वीजपुरवठा खंडित.' म्हणजे चोराने वायर कापली! नकाशावर गाडी पुन्हा नदीत. गणपती अजून मखरात, आणि माझी गाडी विसर्जनाला निघालेली. थोड्या वेळाने यंत्र बोलायचंच थांबलं.

वॉचमन काकांना फोन लावला.

"साहेब, गाडी जागेवरच आहे."

"नीट बघा."

"हात लावून उभा आहे."

"नंबर वाचा." त्यांनी वाचला. पण नंबरप्लेट काय, कुणीही बदलतं. आपली गाडी नेऊन तिच्या जागी दुसरी उभी केली असेल, अशी शंका मी बोलून दाखवली. माझ्या गाडीच्या मोबदल्यात दुसरी वॅगन आर आणून ठेवणारा चोर हा खरं तर दानशूर म्हणायला हवा, पण हे तेव्हा सुचलं नाही. पलीकडे खुडबुड झाली. मग काका म्हणाले, "साहेब, मागची काच खाली घसरलीय, हाताने वर घ्यावी लागतेय. तुमचीच आहे."

तरीही मी पोलिसांना फोन केला. ठाण्यातल्या हवालदारांनी सगळं सविस्तर ऐकून घेतलं.

"आत्ता गाडी कुठे आहे?"

"नदीत. म्हणजे, वॉचमन म्हणतो जागेवर."

"अहो, भारतीय न्याय संहितेचं 303 कलम आहे चोरीचं. चोरी व्हायला वस्तू हलावी लागते. तुमची हललीय का?"

मागे घरात 'घालीन लोटांगण' सुरू झालं होतं. मी त्यात सामील झालो.

परतल्यावर मेकॅनिकने जंप स्टार्ट देताना उलगडा केला. यंत्र रात्रंदिवस थोडा थोडा करंट खातं. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटर तो भरून काढतो. बंद गाडीची म्हातारी बॅटरी मात्र उतरत जाते, आणि ती पुरती उतरली की यंत्राला वाटतं, कुणीतरी वायर तोडली. म्हणजे माझ्या गाडीची बॅटरी ज्याने चोरली, तो चोर मी पैसे देऊन आत बसवला होता.

"काढून टाका," मी म्हटलं.

"कुठे आहे?"

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मेकॅनिकने ग्लोव्ह बॉक्स उघडला, सीटखाली हात घातला, फ्यूज बॉक्स चाचपला. पूर्ण डॅशबोर्ड उतरवायची मजुरी ऐकून मी त्याला चहा पाजला आणि रवाना केलं. इलेक्ट्रिशियनच्या दुकानाच्या जागी आता चायनीजची गाडी लागते. त्याचा मोबाइल बंद आहे. पुढे वर्ष भरलं आणि सिमची मुदत संपली. रिचार्ज करावा तर नंबर खोक्यावर, आणि खोकं रद्दीत. जगातल्या कुठल्याही चोराला सापडणार नाही इतकं ते उत्तम लपलेलं आहे. ते आता काहीही कळवत नाही, फक्त बॅटरी खातं. लांबच्या प्रवासाला जाताना मी बॅटरीची तार सोडवून ठेवतो.

तेव्हा वाचकहो, यंत्र घ्यायचंच असेल तर अवश्य घ्या, पण खोक्याचा फोटो काढून ठेवा आणि यंत्र कुठे बसवलं ते स्वतः पाहून घ्या. त्याआधी चोरी धरून असलेली पूर्ण विमा पॉलिसी घ्या आणि दोन्ही मूळ किल्ल्या जपा. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मागते. गाडी खरोखरच गेली, तर नकाशा बघत चोरामागे स्वतः धावू नका. 112 ला फोन करा, एफआयआर नोंदवा, विमा कंपनीला लगेच कळवा. गाडी सापडलीच नाही, तर पोलिसांच्या 'अ' समरीचा कागद लागतो, तो मिळेपर्यंत पाठपुरावा करा. आणि वॉचमन काकांनी 'गाडी जागेवरच आहे' म्हटलं, तर पहिल्या फोनलाच विश्वास ठेवा. त्यांच्या मोबाइलचा रिचार्जही कधीमधी संपतो, पण शिट्टीचा संपत नाही.