तिसरी रांग, उजवी खिडकी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जेवणं आटोपली की बोलणं घराच्या टॅक्सवरून निघतं आणि मुलांच्या कॉलेजावर येऊन बसतं. तिथून ते हलवायचं तर कोणीतरी प्रवासाचं नाव काढावं लागतं. कोणी सहज म्हणतं, "पुढच्या आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोला चाललोय," आणि कोपऱ्यात बडीशेप निवडत बसलेले शास्त्रीबुवा मान वर करतात.

"विमान कुठलं?"

समोरचा कंपनीचं नाव सांगतो. बुवा क्षणभर डोळे मिटतात.

"कंपनी नाही विचारली. विमान विचारलं."

शास्त्री हे त्यांचं आडनाव नाही, लोकांनी दिलेली पदवी आहे. असा एक शास्त्री अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक महाराष्ट्र मंडळात असतोच. पन्नाशी उलटलेली, धंदा सॉफ्टवेअरचा नाहीतर सल्लागारीचा, सोमवारी पहाटे उडायचं आणि गुरुवारी रात्री परतायचं यात उमेदीची वर्षं गेलेली. त्यातून मैल साठले, मैलांतून अपग्रेडचा हक्क आला आणि हक्कातून विद्या. फर्स्ट क्लासचं तिकीट तो स्वतःच्या पैशांनी कधी काढत नाही. तसं काढणाऱ्यांविषयी त्याला फारसा आदरही नाही. "पैसे टाकून काय, कोणीही बसेल."

बुवांच्या अभ्यासाचा विषय एकच आणि तोही अरुंद: मधे एकच वाट असलेल्या विमानातली फर्स्ट क्लासची सर्वांत चांगली सीट. दोन वाटांच्या मोठ्या विमानांत त्यांना रस नाही. तिथे पलंगच मिळतो, कुठेही पडा. डोकं लागतं ते इथे. अमेरिकेतल्या अमेरिकेत उडणाऱ्या विमानांच्या फर्स्ट क्लासमधे बहुतेक वेळा दोन खुर्च्या इकडे, दोन तिकडे, बस. एका रांगेपासून दुसरीपर्यंत साधारण ३७ इंच, खुर्चीची रुंदी २० ते २१ इंच. मागे इकॉनॉमीत हेच आकडे ३०-३१ आणि १७-१८. म्हणजे पायांना वीतभर आणि कमरेला चार बोटं, एवढ्या मुलखाचा हा कारभार. पण बुवांनी त्यात आयुष्य घातलं आहे.

"पहिली रांग नवशिक्यांची," ते सांगतात. "लोकांना वाटतं, एक नंबर म्हणजे एक नंबर!" समोर भिंत असल्यामुळे पुढचा माणूस सीट पाडून आपल्या मांडीवर येत नाही, हा तिचा एकमेव गुण. बाकी सगळे दोष. पायाशी पिशवी ठेवायला पुढे सीटच नाही, तेव्हा उडताना आणि उतरताना सगळं वर टाकायचं. वरच्या कप्प्यात पाहावं तर पुष्कळदा ऑक्सिजनची नळकांडी आणि औषधांची पेटी तिथे आधीच मुक्कामाला. जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यातून निघतो, म्हणून दांडा जाड, आणि जेवढा दांडा जाड तेवढा बसणारा बारीक हवा. रात्रीच्या विमानात शेजारच्या गॅलीचा पडदा सरकला की उजेड थेट डोळ्यांवर. मग शेवटची रांग? तिच्या मागे एक पडदा आणि त्यामागे इकॉनॉमीची पहिली रांग, जिथे लहान मुलांचे आईबाप हौसेने जागा घेतात. माझी पत्रिका जुळवताना घरच्यांनी इतके गुणदोष काढले नव्हते. अशी दोन्ही टोकं छाटली की चार रांगांच्या ७३७ मधे उरतात दुसरी आणि तिसरी. दुसरीपर्यंत गॅलीतल्या गप्पा ऐकू येतात. तेव्हा तिसरी.

पण हे सूत्र आंधळेपणाने लावायचं नाही. अमेरिकन एअरलाइन्सच्या ७३७ वर फर्स्ट क्लासच्या रांगांचे नंबर तीनपासूनच सुरू होतात, म्हणजे तिथली तिसरी ही खरी पहिली. बुवांचं अर्धवट ऐकून एक गृहस्थ तिथे जाऊन भिंतीला तोंड करून बसले होते. त्यांची गोष्ट बुवा अजून हळहळून सांगतात.

विमान बोइंगचं की एअरबसचं, हा तर स्वतंत्र अध्याय. ७३७ चं अंग जुन्या ७०७ च्याच रुंदीचं, आणि ७०७ प्रवासी घेऊन उडू लागलं १९५८ साली. ए-३२० आलं १९८८ मधे, ते मुद्दाम ऐसपैस बांधलेलं. आतून ३.७० मीटर, ७३७ ची ३.५४. "सोळा सेंटिमीटर!" असं म्हणून बुवा दोन्ही हातांनी अंतर दाखवतात. दाखवताना त्याचे नेहमी तीस होतात.

आणि ७५७ चा विषय शक्यतो काढू नये. लांब नाकाच्या त्या विमानात माणसं बहुधा दुसऱ्या दाराने चढतात. इकॉनॉमीवाले उजवीकडे वळतात, फर्स्ट क्लासवाले डावीकडे. दीडशे लोकांच्या पाठपिशव्या तुमच्या कोपराला घासून जात नाहीत. बोइंगने ते बनवायचं २००४ मधे थांबवलं. बुवांच्या मते जगाची घसरण तेव्हापासून सुरू आहे.

हे वेड अमेरिकेने लावलेलं नाही. बुवा सांगली जिल्ह्यातले. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या पिढीतले. चाकावरची सीट नको, मागचा बाक तर मुळीच नको, सांगलीहून सकाळी पुण्याला निघालं की ऊन उजव्या अंगाला येतं, म्हणून खिडकी डावी, हे वडिलांनी मुंजीच्या आधी शिकवलं होतं. पुढे मुंबईत नोकरी लागली, लोकलचा फर्स्ट क्लासचा पास निघाला, तिथे वाऱ्याची खिडकी कुठली याचा अभ्यास झाला. न्यूअर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना दक्षिण डावीकडे राहते, ऊन तिकडून येतं, म्हणून उजवी खिडकी आणि परतताना डावी, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. अपवाद एकच, वॉशिंग्टनचा रेगन विमानतळ. वारा दक्षिणेचा असला की विमान पोटोमॅक नदीच्या वळणावळणाने उतरतं आणि लिंकनचं स्मारक, तो उंच स्तंभ, सगळं डावीकडून जातं. त्या दिवशी बुवा सकाळी उठून वारा बघतात.

जेवणाचा प्रश्न मात्र निव्वळ हौसेचा नाही, पोटाचा आहे. विमानात शाकाहारी ताटं मोजकी असतात, आणि विचारत विचारत तुमच्यापर्यंत येईतो पास्ता संपून बीफ उरलेलं असतं. अमेरिकनच्या कर्मचाऱ्यांची जुनी रीत अशी, की फ्लाइटचा नंबर सम असेल तर जेवण पुढून विचारत यायचं, विषम असेल तर मागून. आता अमेरिकेत पूर्वेकडे जाणाऱ्या फ्लाइट्सना बहुधा सम नंबर देतात आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना विषम. म्हणजे पास्ता हवा असेल तर कॅलिफोर्नियाला जाताना मागे बसा आणि येताना पुढे. बुवांनी हे गणित सोडवलं त्या दिवशी घरी श्रीखंड होतं म्हणतात. पुढे फोनवरून जेवण आधीच सांगायची सोय झाली आणि ही सगळी विद्या वाया गेली. त्याबद्दल ते कंपन्यांना माफ करायला तयार नाहीत.

खरी परीक्षा विमानात नसते, गेटवर असते. अपग्रेडची यादी तिथल्या पडद्यावर झळकते, पण पूर्ण नाव नसतं. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं एक. न्यूअर्कच्या गेटवर एका संध्याकाळी डी-ई-एस, पुढे एस असं नाव यादीत पहिल्या नंबरावर आलं. आसपास एक देशपांडे, एक देशमुख आणि एक देसाई उभे होते. त्यांतले एक आपले बुवा. कोणते ते मी सांगत नाही. एसने तरी उलगडा व्हावा, तर या वयाच्या मराठी पुरुषाचं नाव संजय, सुनील, सतीश किंवा सुहास यांपलीकडे जात नाही. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वर "काय म्हणता, कसं काय," आतून हिशोब: याचे मैल किती असतील? देशमुखांनी बायकोची चौकशी केली, देसायांनी मंडळाच्या गणपतीची वर्गणी काढली, पण एकाचीही नजर पडद्यावरून हलली नाही. शेवटी नावापुढे हिरवी खूण उमटली. तिघांनी एकदम बॅगा उचलल्या आणि तिघे एकदम काउंटरला भिडले. सीट गेली ती मागून सावकाश आलेल्या डेस्मंड आडनावाच्या एका आयरिश आजोबांना. त्यांना तिसरी रांग मिळाली होती, खिडकी उजवी. त्यांनी विचारलं, "आणखी पुढची नाही का?"

कधीकधी यादी जिंकूनही हरायला होतं. १६ फर्स्ट क्लास सीटांचं ७३७ ठरलेलं असतं, आयत्या वेळी कुठेतरी बिघाड होतो आणि १२ सीटांचं ए-३२० दाराशी लागतं. चार माणसं मागे जातात. ती चार कोण, हे मशीन ठरवतं, आणि त्या मशीनला सांगलीचा रुमाल कळत नाही.

पुण्याहून भाच्याचाही फोन येतो. दिल्लीला जायचंय, ऑफिसने बिझनेस क्लास दिलाय, मामा, कुठली घेऊ? आपल्याकडे या विमानांत फर्स्ट क्लास नसतो, बिझनेस असतो, आणि काही ए-३२० मधे तो आठच सीटांचा. म्हणजे दोन रांगा. पहिली भिंतीची, दुसरी शेवटची. मधली रांगच नाही! त्या दिवशी बुवा बराच वेळ फोन धरून गप्प होते म्हणे. मग म्हणाले, "रेल्वेने जा."

आता तुम्हाला वाटेल, की एवढी निवडून घेतलेली सीट मिळाली की हा माणूस सुखाने डोळे मिटत असेल. छे. सीटवर बसल्यापासून तो शेजाऱ्याला सांगत असतो. तुमच्या पुढच्या सीटखाली तो टीव्हीचा डबा आहे, पाय पुरता जाणार नाही. मागे इकॉनॉमीत पंखांच्या थोडं आधी डाव्या बाजूला ७३७ मधे एका रांगेला खिडकीच नाही, एअर कंडिशनची नळी भिंतीतून वर जाते, बिचारे खिडकीचे पैसे भरून भिंत बघतात. शेजारी अमेरिकन असतो, सभ्य असतो, ऐकून घेतो. आणि गंमत म्हणजे बुवांचं सगळं बरोबर असतं. मी स्वतः त्यांचं ऐकून बसलो आहे आणि दर वेळी बरी सीट मिळाली आहे; फक्त बसल्यावर तिच्यातलं काय वाईट आहे हेच दिसत राहतं.

म्हणूनच त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला मुलांनी जे केलं ते चुकलंच म्हणायला हवं. जेटब्लूने २०१४ मधे न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस या वाटेवर मिंट नावाचा वर्ग काढला. विमान एकाच वाटेचं, ए-३२१, पण सीट सपाट होऊन तिचा पलंग होतो. पहिल्या रचनेत १६ सीटा: एक रांग दोन-दोनची, पुढची एक-एकची, पुन्हा दोन-दोन, अशा आळीपाळीने. एक-एकच्या रांगांत डाव्या-उजव्या बाजूला एकेकच सीट, तिला सरकतं दार, आणि अशा सीटा सगळ्या विमानात चार. मुलांनी दुसऱ्या रांगेतली काढून दिली. अरुंद विमानात याहून वरची सीट तेव्हा अमेरिकेत शोधूनही सापडली नसती, हे बुवांनाही मान्य होतं. ते बसले. दार ओढलं. पायांना जागा, कोपरांना जागा, चष्म्याला वेगळी खोबण. उजवीकडे पाहिलं, खिडकी. डावीकडे पाहिलं, दार. सांगायला कोणी नाही. अर्ध्या तासाने त्यांनी दार उघडलं आणि पाणी घेऊन आलेल्या मुलीला रांगांच्या रचनेबद्दल चार शब्द सांगितले. ती हसून म्हणाली, हो, मी इथेच काम करते. लॉस एंजेलिसला उतरले तेव्हा बुवांची झोप छान झाली होती आणि चेहरा पडलेला होता.

घरी मात्र त्यांचं ऐकायला वहिनी आहेत, म्हणजे असतात. दोघं बरोबर निघाली आणि अपग्रेड एकालाच मिळालं, तर काय करायचं हे त्यांच्यात कित्येक वर्षं ठरून गेलेलं. बुवा म्हणायचे, "तू जा पुढे." वहिनी म्हणायच्या, "छे, तुम्हीच जा, तुमचे गुडघे दुखतात." मग बुवा नाइलाजाने पुढे जायचे. गेल्या वर्षी सिएटलहून रात्रीच्या विमानाने परतताना बुवा आपलं वाक्य बोलले आणि वहिनी "बरं" म्हणाल्या. बोर्डिंग पास घेतला आणि गेल्यासुद्धा. बुवा तेविसाव्या रांगेत मधल्या सीटवर. एका बाजूला झोपलेला कुस्तीगीर वाटावा असा माणूस, दुसऱ्या बाजूला कानात बोळे घातलेली कॉलेजची मुलगी. दोघांपैकी कोणालाच काही सांगता येईना.

न्यूअर्कला सामानाच्या पट्ट्याशी त्यांनी वहिनींना गाठलं. पुढचं मला वहिनींनीच सांगितलं.

"कशी होती सीट?"

"कुठली?"

"कुठली काय! तुझी. चार-बी."

"चार-बी होती का ती? मी झोपले होते हो. त्या मुलीने पांघरूण घातलं तेवढं आठवतंय."

"मागे किती जात होती?"

"बघितलं नाही."

"पाय लांब करता आले नसतील. चार-बीच्या पुढे डबा असतो, डाव्या बाजूला."

"केले होते की."

"शक्यच नाही."

"अहो, केले होते. दोन्ही."

बुवांनी फोन काढला, विमानाचा नकाशा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि वहिनींच्या डोळ्यांसमोर धरला. "हा बघ डबा."

वहिनींनी फोन हाताने बाजूला सारला. "ती निळी बॅग आपली का बघा आधी. गेली ना पुढे!"