फोनधनी

मोबाइलमध्ये चार-पाच हजार रुपये आणि पँटच्या खिशात दहाची नोटही नाही, अशा स्थितीत जो प्रसन्न चित्ताने घराबाहेर पडतो, त्याला फोनधनी म्हणावे. तो गरीब नसतो, कंजूष नसतो आणि विसराळू तर मुळीच नसतो. पाकीट त्याने समजून-उमजून घरी ठेवलेले असते. ‘हल्ली कॅश लागते कुठे?’ हे त्याचे आवडते वाक्य आणि ‘कॅश आहे का हो?’ हे नेहमीचे. दोहोंच्या मध्ये साधारण अर्धा तास जातो.

हा वर्ग 8 नोव्हेंबर 2016 नंतर फोफावला. पाचशे आणि हजाराच्या नोटा रात्रीत बाद झाल्या, एटीएमसमोर उभे राहून पायांना गोळे आले आणि चहाच्या टपरीवर टांगलेल्या चौकोनी कोडात फोनधन्याला मोक्षाचे दार दिसले. वॉलेटमध्ये पैसे भरणे सोपे होते, वर कॅशबॅकही मिळे. ते पुन्हा बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न त्याला पडला नाही. भरताना असले अपशकुनी प्रश्न विचारण्याची रीत नाही.

उत्तर नियमांत आहे. नुसते नाव, ओळखपत्राचा क्रमांक आणि ओटीपीने तपासलेला मोबाइल नंबर यांवर उघडलेल्या छोट्या वॉलेटमध्ये 10 हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि त्यातून रोखही काढता येत नाही. ते पैसे खरेदीतच संपवायचे असतात. पूर्ण केवायसी केलेल्या वॉलेटची मर्यादा 2 लाखांची. बँक नसलेल्या कंपन्यांच्या अशा वॉलेटमधूनही रोख काढायला रिझर्व्ह बँकेने मे 2021 मध्ये मुभा दिली: एका वेळी 2 हजार, महिन्याला 10 हजार. मुभा आहे म्हणून प्रत्येक ॲपवर सोय असतेच असे नाही, पण फोनधन्याचे घोडे त्याच्याही आधी अडते. त्याची केवायसी अर्धवट असते. ‘आधार कुठेही देऊ नये’ या मताचा तो आहे. याच गृहस्थाच्या आधारकार्डाच्या झेरॉक्स महाबळेश्वरच्या लॉजपासून कोपऱ्यावरच्या सिमकार्डवाल्यापर्यंत सर्वत्र पडलेल्या असतात.

यूपीआयची गोष्ट वेगळी. तिथे पैसे बँकेच्या खात्यातच असतात, फोन फक्त हुकूम सोडतो. हा फरक फोनधन्याला अनेकांनी समजावला आहे आणि तो समजल्यासारखी मानही हलवतो; बोलताना मात्र सगळे ‘फोनमधले पैसे’च. कार्डाशिवाय एटीएममधून रोख काढण्याची सोय सर्व बँकांना देता येईल, असे रिझर्व्ह बँकेने मे 2022 मध्ये सांगितले आणि सप्टेंबर 2023 मध्ये मुंबईत यूपीआय-एटीएमही अवतरले. यंत्रावर रक्कम निवडायची, पडद्यावरचा कोड फोनने टिपायचा, पिन टाकायचा, नोटा घ्यायच्या. ही कृती फोनधन्याला तोंडपाठ असते. तिचा व्हिडिओ त्याने चार ग्रुपवर पाठवलेला असतो. फक्त त्याच्या घराजवळचे एक एटीएम बंद असते, दुसऱ्याला कार्डच लागते, आणि कार्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली असते.

मग तो दुकानांकडे वळतो. त्याचा खरा अभ्यास करायचा तो इथेच. पहिला नंबर पानपट्टीचा, मग मेडिकल, मग किराणा, शेवटी पेट्रोल पंप. सरळ रोख मागणे त्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, म्हणून तो आधी दहा रुपयांचा बिस्किटपुडा घेतो, हवापाण्यावर दोन शब्द बोलतो आणि मग सहज आठवल्यासारखे म्हणतो, ‘शेठ, एक काम करा ना. दोन हजार दहा टाकतो. दहा तुमचे, दोन हजार कॅश द्या.’ शेठ गल्ल्यावर हात ठेवतो. हा हात नोटा काढण्यासाठी ठेवलेला नसतो.

शेठची बाजू समजून घ्यायला हवी. अशाच एखाद्या अनोळखी माणसाने ऑनलाइन टाकलेले पैसे पुढे फसवणुकीतले निघाले, तर तपासात दुकानदाराचे खातेच गोठवले जाऊ शकते, आणि रोख घेऊन गेलेला इसम तोवर गावाबाहेर पोचलेला असतो. शिवाय कोडवर आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा वाटतो. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि बंगळूरच्या कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. त्या बातमीनंतर इकडच्या गल्ल्यांनाही कुलपे जास्त घट्ट बसू लागली. काही दुकानदार देतात, पण हजाराला दहा रुपये कापून. आणि तेही काउंटरवरचा डबा ‘दोन हजार दहा रुपये प्राप्त झाले’ असे खणखणीत आवाजात सांगेपर्यंत नाही. फोनधनी पडद्यावरची हिरवी खूण दाखवत राहतो. शेठचा विश्वास डब्यावर. डबा गप्प असतो. नेटवर्क नसते.

एवढी रोख लागते कशाला, असे कुणी विचारील. वडापावपासून एसटीच्या तिकिटापर्यंत सारे फोनवर चालते, हे फोनधन्याचे म्हणणे खरेच आहे. पण लग्नातल्या आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटलेले असते, आत पाचशेची नोट लागते. तिथे स्क्रीनशॉट घालून चालत नाही. भाऊबीजेच्या ताटात फोन ठेवता येत नाही. सत्यनारायणाच्या दक्षिणेला आणि कामवाल्या मावशींच्या पगाराला रोखच बरी पडते. मावशींचेही खाते असते, पण त्याला जोडलेला नंबर त्यांच्या नवऱ्याकडे असतो आणि पैसे नवऱ्याला कळू नयेत अशी त्यांची रास्त अपेक्षा असते. अशा प्रसंगाच्या आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर संदेश येतो: ‘अर्जंट. कुणाकडे तीन हजार कॅश आहे का? लगेच जीपे करतो.’ त्याखाली हात जोडल्याची चिन्हे.

उत्तर एकाच घरातून येते. प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त काका असतात, जे पहिल्या तारखेला पासबुक घेऊन बँकेत जातात आणि पेन्शन नोटांत मोजून आणतात. ‘काका, अजून रांगेत उभे राहता?’ असे फोनधनी त्यांना दर महिन्याला हसून विचारत आला आहे. आता तो त्यांच्या दारात चप्पल काढून उभा राहतो. काका नोटा दोनदा मोजतात, डायरीत नाव लिहितात आणि सांगतात, ‘माझ्याकडे ते जीपे-बिपे नाही. काकूंच्या नंबरवर टाक.’ या व्यवहारात काकांची रोख जाते आणि काकूंच्या खात्यात जमा होते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या मदतीला धावून जाण्याचा आग्रह काकूंचाच अधिक असतो. काकांना आकडे जुळतात, एवढे पुरते.

रोख हाती आली की फोनधन्याची चाल बदलते. खिसा दर दहा पावलांवर चाचपला जातो. दक्षिणा, पगार, आहेर उरकल्यावर आठशे रुपये उरले, तर ते खर्चून टाकावेत हे त्याला सुचत नाही. भाजी घेताना तो सवयीने फोनच पुढे करतो, आणि इतकी रक्कम अंगावर बाळगणे बरे नव्हे असे वाटून रात्री सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो: ‘माझ्याकडे आठशे कॅश आहे. कुणाला हवी असल्यास जीपे करावे.’ सकाळपर्यंत तीन जणांनी अंगठा दाखवलेला असतो. पैसे कुणीच टाकलेले नसतात.