क्षिप्रेकाठी सुरमई

उज्जैनला महाकालाचं दर्शन झालं, की मराठी पर्यटकाची खरी तीर्थयात्रा सुरू होते. संध्याकाळी फ्रीगंजच्या टावर चौकात घड्याळाखाली उभा राहून तो रिक्षावाल्याला विचारतो, ‘‘भैया, यहाँ मच्छी अच्छी कहाँ मिलेगी?’’ समुद्र इथून थेट गुजरातच्या किनाऱ्यावर गेल्यावर लागतो, हे भूगोलात शिकलेलं असतं. पण सुटीत भूगोल कोण पाळतो?

समोरच्या गाडीवर किसलेला मका तुपात, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतून दुधात आटतोय. वर लिंबू, कोथिंबीर. भुट्ट्याचा कीस! हा गृहस्थ दोन द्रोण रिचवतो, बोटं चाटतो आणि त्याच बोटांनी मोबाइलवर ‘सीफूड’ शोधतो. एक ठिकाण सापडतं. तिथली ‘गोवन फिश करी’ म्हणजे पनीरच्या रश्श्यात बुडवलेला गोठवलेला मासा. तरी तो खातो, फोटो टाकतो, वर ‘आमच्या मालवणची सर नाही’ असा शेराही मारतो. सोबत थंड बिअर मागतो, तेव्हा कळतं, की 1 एप्रिल 2025 पासून शहरातली दारूविक्री बंद आहे.

मंडळी, उज्जैनला कीस खा, जिरावण मसाला घातलेले पोहे खा. सुरमई मालवणातच खा. आणि तिथं गेल्यावर कृपा करून जिरावण मागू नका.