घरच्या घरी ऑटोमॅटिक: जुन्या पद्मिनीच्या मालकांसाठी

अभिनंदन! तुमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, ती व्यवस्थित चालते आणि तुम्हाला ते बघवत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली आणि १९७४ मध्ये पद्मिनी झालेली ही गाडी. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसएक अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. बिघडलेल्या गाडीला मेस्त्री पुरतो. धडधाकट गाडी बिघडवायला मालकाचं प्रेम लागतं. ते तुमच्याकडे भरपूर आहे असं धरून चालू.

१. आधी कारण तयार ठेवा, मोटारी आणि रिले नंतर. ‘डावा गुडघा बोलतो’ हे सर्वोत्तम, कारण तो काय बोलतो ते दुसऱ्याला ऐकू येत नाही. घरचे म्हणतील, मग ऑटोमॅटिक गाडीच घ्या ना. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी दिल्यापासून ती चैन मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली आहे, तेव्हा या वादात पडू नका. बॉनेटवर दोनदा थाप मारा आणि विचारा, ‘‘हा पत्रा आता मिळतो का कुठे?’’ या प्रश्नावर समोरचा माणूस नेहमी गप्प बसतो.

२. दुसऱ्या गाडीचा आख्खा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा मोह टाळा. त्यासाठी गाडीचा तळ कापावा लागतो, प्रोपेलर शाफ्ट नव्या मापाचा करावा लागतो आणि शिवाय टॉर्क कन्व्हर्टर त्या चाळीस घोड्यांतले काही वाटेतच गिळतो. आपण मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवून दांडा हलवणारा यांत्रिक हात करणार आहोत. एएमटीमध्येही तत्त्व हेच: क्लच आहे, गिअर आहेत, फक्त ते हलवणारा बदलला. कंपन्यांना यासाठी इंजिनिअरांची फौज लागते. तुमच्याकडे रविवारची दुपार आहे.

३. हँड गिअरच्या दांड्याला दोन हालचाली असतात. स्वतःकडे ओढणं किंवा पुढे ढकलणं ही एक. वर-खाली फिरवणं ही दुसरी. म्हणजे दोन मोटारी. पुण्यात असाल तर नाना पेठेत जाऊन वायपरच्या जुन्या मोटारी मागा. ‘‘कुठल्या गाडीला?’’ असं दुकानदार विचारेल. खरं सांगू नका. सांगितलंत तर तो चहा मागवेल, शेजारच्या दुकानातून आणखी दोघांना बोलावेल आणि तिघं मिळून तुम्हाला वाचवायचा प्रयत्न करतील. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर असतो, त्यामुळे वीज तुटली तरी ती उलटी फिरत नाही, आहे तिथेच थांबते. हा गुण लक्षात ठेवा. पुढच्याच पायरीत तो तुमच्या अंगावर येणार आहे.

आता दांड्याचा प्ले बघा. लिंकेजचे बुश झिजलेले असले तर दांडा गिअरमध्ये असतानाही बोटभर डुलतो. मग इतकी वर्षं तुम्ही गिअर टाकत कसे होतात? थोडं ओढून, थोडं चाचपून, तळहाताला ‘खट्’ लागेपर्यंत. मोटारीला तळहात नाही. तिला मिलिमीटर लागतात, आणि तुमच्या गाडीतले मिलिमीटर सकाळी वेगळे असतात, इंजिन तापल्यावर वेगळे. त्यात जुन्या पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पुरती थांबण्याआधी मोटारीने तो टाकला, की दातांची जी करकर होते ती ऐकून सोसायटीतले निवृत्त लोक गॅलरीत येतात. त्यांना हात करा.

उपाय म्हणून नवे बुश लेथवर करून घ्या. ते बसवल्यावर दांडा लोण्यातून सुरी जावी तसा चालू लागेल आणि मोटारींची गरजच उरणार नाही. फार धोक्याचा क्षण आहे हा. पुष्कळ होतकरू माणसं इथेच सुधारतात. तुम्ही खचू नका.

४. क्लचला तिसरी मोटार. दाबताना झटकन, सोडताना हळू, आणि हाफ क्लचच्या जागी क्षणभर थांबून. ही जागा क्लच प्लेट झिजेल तशी सरकते, तेव्हा अधूनमधून पुन्हा जुळवावी लागेल. ऐन गिअर बदलताना फ्यूज उडाला तर मघाशी सांगितलेल्या गुणामुळे क्लच दाबलेलाच राहील आणि गाडी उतारावर मोकळी सुटेल. घाबरायचं कारण नाही, ब्रेक आहेत. ब्रेकमधल्या सुधारणा पुढच्या लेखात.

मोटार नको असेल तर जर्मन वाट आहे. फोक्सवॅगनने १९६८ मध्ये बीटलला ‘ऑटोस्टिक’ दिली होती. दांड्याला हात लागला की आतला संपर्क जुळायचा आणि इंजिनाच्या व्हॅक्युमवर क्लच सुटायचा. सोय मोठी छान. मात्र गप्पांच्या नादात दांड्यावर हात ठेवायची सवय असलेल्यांचं इंजिन नुसतंच ओरडायचं. तुम्हाला ती सवय आहे. मोटारच लावा.

५. वेग कळण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला लोहचुंबक चिकटवा आणि शेजारी हॉल सेन्सर ठेवा. इंजिनाचे फेरे इग्निशन कॉइलवरून घ्या; चार सिलिंडर, म्हणून फेऱ्याला दोन ठिणग्या. हे दोन्ही बघून मोटारींना हुकूम देणार मायक्रोकंट्रोलर. प्रत्येक ठिणगीचा धक्का वायरीतून त्याच्यापर्यंत पोचेल, तो गोंधळून नव्याने सुरू होईल आणि आपण कुठल्या गिअरमध्ये होतो ते विसरेल. अशा वेळी तो ‘पहिला’ असं समजतो. तुम्ही टॉपमध्ये असाल.

६. ॲक्सिलरेटर उरलाच. तुमचा पाय सळईने थेट कार्बुरेटरला जोडलेला आहे, त्यामुळे गिअर बदलताना तो कुणीतरी उचलायला हवा. सोपा तोडगा: बझर. एकदा वाजला की पाय उचला, दोनदा वाजला की ठेवा. यात नक्की ऑटोमॅटिक कोण झालं, याचा विचार करत बसू नका.

७. गिअर वर टाकायचा आणि खाली आणायचा वेग एकच ठेवू नका. तीसला तिसरा आणि तीसच्या खाली दुसरा, असं ठरवलंत तर कात्रजच्या घाटात तुमची गाडी दर वळणाला मत बदलेल, बझर अखंड वाजेल आणि मागचा ट्रकवाला त्याला उत्तर देत राहील. वर तीसला, खाली बावीसला. एवढं एक सांगणं खरंच पाळा.

८. सुशोभन. पितळी पट्टीवर पी-आर-एन-डी अशी अक्षरं कोरून घ्या, आणि क्रम बदलू नका. अमेरिकेत काही गाड्यांमध्ये रिव्हर्स ‘लो’ला खेटून असे आणि लोक पुढे जायचं म्हणून मागे जात. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’मध्ये त्यावर झोड उठवली होती. १९६८ पासून तिथे पुढच्या आणि मागच्या गिअरांच्या मध्ये न्यूट्रल सक्तीचं झालं. तुमच्या पट्टीवरचा ‘पी’ मात्र निव्वळ शोभेचा. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये पार्किंगसाठी गिअरबॉक्सच्या आत एक खुंटी अडकते, तशी तुमच्यात नाही. ‘पी’वर दांडा आला की शेजारच्या माणसाने चपळाईने उतरून मागच्या चाकाला वीट लावावी.

९. कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू नका. आता तुमच्या फेरफाराचं नाव काय? दांडा तोच, गिअरबॉक्स तोच, तीन मोटारी, एक बझर आणि वीट. आरटीओच्या फॉर्ममध्ये विटेचा रकाना नाही. गाडी पन्नाशीची झाली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळू शकते, पण ती मूळ रूप जपणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा काढलेला प्रत्येक नटबोल्ट गोणीत भरून पलंगाखाली ठेवा. पलंगाखालच्या गोण्यांबद्दल घरच्यांना द्यायचं कारण पहिल्या पायरीत आहेच, गुडघा चालतो.

१०. शेवटी गाडी विकायला काढा, कारण आता ती तुम्हालाही चालवता येत नाही. जाहिरात थोडक्यात आणि प्रामाणिक असावी: ‘पद्मिनी, पूर्ण ऑटोमॅटिक. चालवायला दोघे लागतात. वीट सोबत मिळेल.’