गुरुजींना शून्य हवंय

पुसेगाव म्हटलं की लोक थेट साताऱ्याला, सेवागिरी महाराजांच्या यात्रेत जाऊन पोचतात. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. पण गुरुजी उजवा गुडघा बदलून गावात आले, तेव्हा त्यांच्या ओट्यावर जी रीघ लागली ती पाहून साताऱ्याच्या लोकांनीही मान खाली घातली असती.

गुडघा बदललेल्या माणसाच्या दोन जाती. एक खाटेवरची, दुसरी ओट्यावरची. खाटेवरचा म्हणतो, ‘डॉक्टरनं केलं ना आॅपरेशन, आता तोच चालवील.’ ओट्यावरचा स्वतः चालतो आणि आपण चालतोय हे गावाला दिसेल याची तजवीज करतो. गुरुजी पक्के ओट्यावरचे. आॅपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहिले, तेव्हा नर्सचं लक्ष नव्हतं म्हणून पुन्हा बसले आणि पुन्हा उभे राहिले.

भेटायला येणारा प्रत्येक जण एक बिस्किटचा पुडा आणि एक सल्ला घेऊन यायचा. पुडा आत जायचा, सल्ल्याची तपासणी ओट्यावरच व्हायची.

“गुर्जी, हळदीचा लेप द्या. आपल्या घरची हळद हाय.”

“घरची असेल तर वसमतच्या बाजारात ने, भाव तरी येईल. टाक्यांवर काही लावायचं नाही. बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून. पुढचा!”

शेजारच्या मावशींनी मायेनं गुडघ्याखाली उशी सरकवली, तर गुरुजी छडी लागल्यासारखे ओरडले. उशी ही त्यांची जन्माची वैरीण. तिनं आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या जागीच आखडतो आणि मग पाय पुरता सरळ होत नाही. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि मांडी आवळून त्याला खाली दाबायचं. दुखतं. म्हणून गोळी घेऊन थोडा वेळ गेला की मगच हा तास भरायचा.

आता खरी गंमत. गुरुजींनी उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत भूमिती शिकवली. फळ्यावरचा तो भलामोठा लाकडी कोनमापक निवृत्तीच्या वेळी शाळेनं त्यांना दिला, की त्यांनी तो आणला, यावर गावात दोन मतं आहेत. तोच आता गुडघ्याला लागतो. मध्यबिंदू गुडघ्याच्या बाजूला, एक रेघ मांडीला, दुसरी नडगीला. नव्वद अंश वाकला तर पास. जिना नीट चढाउतरायचा आणि खुर्चीतून विनासायास उठायचं, तर एकशे दहाच्या आसपास पाहिजे. हे झालं वाकण्याचं. सरळ करण्याच्या पेपरात मात्र पैकीच्या पैकी म्हणजे शून्य. ज्या माणसानं तीन पिढ्यांना सढळ हातानं शून्य वाटलं, तो आता स्वतः शून्यासाठी घाम गाळतोय!

मोजायला यायचा झेरॉक्सवाला, भूमितीत दोनदा बसलेला.

“किती?”

“आठ, गुर्जी.”

“नीट बघ. आठ कसे? पाच असतील.”

“आठच हायत. तुम्हीच म्हणायचे ना, वाढवून मार्क मागायचे नसतात.”

गुरुजी काही बोलले नाहीत. टाच टॉवेलवर ठेवली आणि मांडी अशी आवळली की कपाळाची शीर उभी राहिली.

एक्स-रे त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत असतो, लोकांकडे लग्नाचा अल्बम असतो तसा. आभाळाकडे धरून दाखवतात. वर कोबाल्ट-क्रोमियम, खाली टायटॅनियमची बैठक, आणि मधे जी मोकळी फट दिसते तिथं खरं तर प्लास्टिक आहे. त्यानंतर अटलजी येतात. आॅक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. उजवा जून २००१ मध्ये. “पंतप्रधानांचा आणि माझा मार्ग एकच,” असं गुरुजी म्हणतात. फरक एवढाच की गुरुजींना तो परवडला, कारण आॅगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या किमती बांधल्या आणि दीड लाखाच्या वरचा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला. हा आकडा ते पाठ म्हणून दाखवतात, शेवटच्या वीस रुपयांवर जोर देऊन.

बढाईखोर माणूस, यात वाद नाही. पण मला वाटतं, त्या बढाईनंच त्यांना बरं केलं. बघायला कोणी नसतं, तर रोजचे हे व्यायाम त्यांनीही आठवड्यात गुंडाळले असते. सप्ताहाच्या पंगतीत आता ते मांडी घालत नाहीत, मागच्या खुर्च्यांच्या रांगेत बसतात आणि वाढप्याला आधी तिकडे बोलावतात. देवळाच्या पायऱ्यांवर अख्ख्या भजनी मंडळाला नियम ऐकवतात : चढताना चांगला पाय आधी, उतरताना आॅपरेशनचा. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखम पाझरली तर ओट्यावर विचारत बसू नका, डॉक्टर गाठा, हेही सांगतात. आषाढात नर्सीच्या परतवारीला नामदेवांच्या दर्शनाला थोडं अंतर पायी गेले, उरलेलं मोटारसायकलवर. फोटो फक्त पायी अंतराचे आहेत.

गेल्या महिन्यात वरच्या आळीतल्या आजी गुडघा बदलून आल्या. दुसऱ्याच दिवशी गुरुजी कोनमापक काखेत मारून हजर. आजींनी लुगडं घोट्यापर्यंत ओढून घेतलं.

“कावून आले गुर्जी, लाकूड घेऊन?”

“मोजायला. किती वाकतो ते कळायला पाहिजे.”

“माझी नात मोजती, मोबाइलवर. तुमचा डावा राहिला ना अजून? तो मोजा आधी.”

गुरुजी पायऱ्या उतरले. घाईत चुकीचा पाय आधी टाकला, आणि आजींनी खिडकीतून तो पाहिला.